टाकी फुल्ल, पण पलीकडे!

*इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची बाटली पकडली जाते. गोव्याचं पेट्रोल मात्र टाकीत बसून आरामात महाराष्ट्रात येतं. या लिटरमागच्या साडेसात रुपयांचा फंडा नेमका काय आहे?*

गोव्याचा प्लॅन ठरला की ग्रुपमध्ये तीन गोष्टींवरून हमखास वाजतं. गाडी कुणाची, गाणी कुणाची आणि पेट्रोल कुठं भरायचं. पहिल्या दोन प्रश्नांवर एकमत होत नाही ते नाहीच. तिसऱ्यावर मात्र ग्रुपमधला एखादा ‘अनुभवी’ लगेच फर्मान काढतो : ‘‘जाताना जेमतेम पुरेल एवढंच टाका, बॉर्डर क्रॉस केली की फुल्ल करू. येताना परत फुल्ल.’’ मग सावंतवाडी गेली की सगळ्यांचे डोळे समुद्र कुठं दिसतोय यापेक्षा इंधनाच्या काट्यावर.

तुम्हीही हे केलं असेल. दोन हजारांचं पेट्रोल भरून दीडशे वाचवल्याचा आनंद पुढचे दोन दिवस पुरवून वापरला असेल.

ही बॉर्डर आपल्याला सुट्टीतली गंमत वाटते. पण तिच्या अलीकडे आठ-दहा किलोमीटरवर जी माणसं कायमची राहतात, त्यांच्या महिन्याच्या बजेटमध्ये ती रोज हजेरी लावते. त्यातलंच एक गाव म्हणजे इन्सुली. सावंतवाडी तालुका, झाराप–पत्रादेवी चौपदरी हायवे, पुढं बांदा आणि बांद्यापुढं पत्रादेवी, म्हणजे गोवा. माझ्या आईचं हे माहेर. गावाचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा एकाच बातमीत : ‘इन्सुली तपासणी नाक्यावर गोवा बनावटीची दारू जप्त’. कधी टेम्पोच्या खोट्या तळात, कधी कांद्याच्या गोणींमागे. दारू लपवण्यात माणसं जेवढी बुद्धी खर्च करतात, तेवढी स्टार्टअपमध्ये केली असती तर!

यावेळी गेले तेव्हा मामेभावाची बाईक घेऊन मी सहज म्हटलं, जवळच्या पंपावर जाऊन येते. तो अंगणातूनच ओरडला, ‘‘अगो, हय कशाक घालतंस? उद्या माझ्याबरोबर येतलंस मा? पत्रादेवीक घाल.’’

म्हापशात नोकरी करणारा माणूस हे बोलणारच. पण मला जर्नलिझमची जुनी खोड. मी वही काढली.

साडेसात रुपये येतात कुठून?

पेट्रोलचा भाव म्हणजे चार थर असलेला केक समजा. सगळ्यात खाली कंपनीचा भाव आणि वाहतूक. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क. त्यावर पंपमालकाचं कमिशन. आणि सगळ्यात वर राज्याचा व्हॅट. गंमत अशी की व्हॅट हा फक्त तळाच्या थरावर लागत नाही, खालच्या तिन्ही थरांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे केंद्राच्या करावर राज्याचा कर. कर भरल्याबद्दलही कर!

२०२४ च्या मध्यातले आकडे घेऊ. खालचे तीन थर मिळून लिटरला साधारण ७९ रुपये धरा. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क १९ रुपये ९० पैसे होतं. इथपर्यंत इन्सुली आणि पत्रादेवी सारखेच. वाहतुकीमुळे काय फरक पडेल तो रुपया-दीड रुपयाचा.

आता वरचा थर. महाराष्ट्राचा व्हॅट २५ टक्के, आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे ठोक अधिभार. एकूण २४ रुपये ८७ पैसे. गोव्याचा व्हॅट जून २०२४ मध्ये वाढून साडेएकवीस टक्के झाला, त्यावर अर्धा टक्का हरित उपकर. एकूण १७ रुपये ३८ पैसे. अलीकडे १०३.८७, पलीकडे ९६.३८. फरक साडेसात रुपये.

इथं मी जरा थांबले. कारण हे साडेसात रुपये व्हॅटच्या टक्केवारीमुळे आहेत, असं सगळेच धरून चालतात. पण २५ आणि २२ टक्क्यांत फरक आहे तो तीन टक्क्यांचा, म्हणजे ७९ रुपयांवर जेमतेम दोन रुपये सदतीस पैसे. उरलेले पाच रुपये बारा पैसे त्या एकट्या अधिभाराचे! म्हणजे पत्रादेवीच्या पंपावरच्या एमएच-०७ गाड्यांच्या रांगेला ‘व्हॅट’ जबाबदार कमी आणि टक्केवारीच्या मागे गुपचूप उभा असलेला तो ठोक आकडा जबाबदार जास्त.

डिझेलला असा ठोक अधिभार नाही. महाराष्ट्रात २१ टक्के, गोव्यात उपकर धरून १८. त्यामुळे तिथला फरक सव्वादोन रुपयांच्या आसपासच येतो. पण ट्रकच्या टाकीत तीनशे लिटर बसतं, म्हणजे एका भरण्यामागे पावणेसातशे रुपये. मुंबईहून निघालेला ड्रायव्हर कुठं थांबेल, हे सांगायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

पण जाणं परवडतं का?

इन्सुलीहून पत्रादेवी, जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरू. खास पेट्रोल भरायला गेलात तर?

स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देते. वीस किलोमीटरला पाऊण लिटरच्या बऱ्याच आत, म्हणजे ४३ रुपयांचं पेट्रोल जळालं. टाकीत बसलं पाच लिटर, वाचले साडेसदतीस. म्हणजे हेल्मेट घालून, घाम गाळून पाच रुपये खड्ड्यात. बाईकला दहा लिटर भरलंत तर पंचाहत्तर वाचतात, पस्तीस जळतात. चाळीस रुपये नफा. कारमध्ये तीस लिटर टाकलंत, ॲव्हरेज पंधराचं असेल, तर शंभरच्या आत काहीतरी हाताला लागतं. त्यात वाटेत एक चहा आणि दोन वडे झाले की हिशोब मिटला.

याच कारचा ब्रेक-इव्हन काढला तर तो सीमेपासून साडेसतरा किलोमीटरवर येतो. त्यापलीकडून खास पेट्रोलसाठी गोव्याला जाणारा माणूस पैसे वाचवत नाही, फक्त फिरून येतो. सावंतवाडीच्या आसपास ही रेषा संपते. कुडाळहून कुणी ‘स्वस्त पडतं’ म्हणून जात असेल तर त्याला प्रेमानं कॅल्क्युलेटर भेट द्या.

म्हणजे खरा फायदा कुणाचा? जो तसाही रोज पलीकडे जातो त्याचा.

सिंधुदुर्गातून गोव्यात रोज नोकरीला जाणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. म्हापसा, पेडणे, वेर्ण्याचे कारखाने, आणि जानेवारी २०२३ पासून विमानं उडायला लागल्यावर मोपाचा विमानतळ. दोडामार्गातल्या आडाळीच्या एमआयडीसीत रोजगार कधी येणार, हा प्रश्न इकडे वर्षानुवर्षं विचारला गेलाय. तोवर सकाळी सातला हेल्मेट चढवून निघायचं.

भावाचा हिशोब मांडला. इन्सुली–म्हापसा, जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८० किलोमीटर. बाईक पन्नासचं ॲव्हरेज देते, म्हणजे ४१-४२ लिटर पेट्रोल. गावात भरलं तर ४३०० रुपयांच्या थोडं वर. गोव्यात भरलं तर ४००० च्या थोडं वर.

बचत, महिन्याला ३१२ रुपये.

‘‘तीनशेच?’’ तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच ते कमी केलेत. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात हा आकडा हजाराच्या घरात होता. स्वस्त पेट्रोलच्या आनंदात त्याला चार हजारांचं पेट्रोल दिसतच नव्हतं. (आपणही सेलमध्ये हेच करतो. चाळीस टक्के वाचवण्यासाठी साठ टक्के घालवून येतो.)

तीनशे वाचले, हजार गेले

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. मला वहीवर सगळ्यात जास्त खटकली ती हीच.

भावानं एक लिटर इन्सुलीऐवजी पत्रादेवीत भरलं, की त्याचे साडेसात रुपये वाचतात. पण महाराष्ट्राच्या तिजोरीतून साडेसात नाही, अख्खे २४ रुपये ८७ पैसे जातात. कारण ते लिटर महाराष्ट्रात विकलंच गेलं नाही! आणि गोव्याला १७ रुपये ३८ पैसे आयते मिळतात, अशा गाडीकडून जी उरलेला अर्धा वेळ महाराष्ट्राच्या रस्त्यावर धावते. महिन्याला भावाचे ३१२, गोव्याचे सव्वासातशेच्या आसपास आणि महाराष्ट्राचं नुकसान हजाराच्या वर. एका बाईकमागे.

शिवाय अलीकडच्या पंपाचं कमिशन लिटरवर मिळतं. लिटर गेलं की ते गेलं, मग हवा भरणाऱ्या पोराचा पगारही त्याच भरोशावर.

मग गोवा असं का करतो? कारण त्याला परवडतं. राज्य छोटं, रस्त्यावर पर्यटक आणि शेजारी भरपूर. लिटरमागे थोडं सोडलं तरी जास्त लिटर विकून ते भरून काढता येतं. महाराष्ट्राला ते जमत नाही. बांद्याच्या चार पंपांसाठी दर उतरवायचा तर तो नागपूर, नाशिक आणि पुण्यालाही उतरवावा लागेल. मंत्रालयातून बघितलं तर इन्सुलीचा तोटा म्हणजे बेरजेतला शेवटचा पैसा.

हे जगात सगळीकडे चालतं. युरोपात लक्झेंबर्ग हा एवढासा देश, पण शेजारच्या जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमपेक्षा इंधन स्वस्त ठेवून त्यानं वर्षानुवर्षं त्यांच्या गाड्या आपल्या पंपांवर ओढल्या. त्याला तिकडे ‘टँक टुरिझम’ असं रीतसर नाव आहे. गंमत म्हणजे विकलेल्या इंधनाचा धूरही कागदोपत्री लक्झेंबर्गच्याच नावावर लागतो, जळो कुठंही. आपल्याकडे २०२१ मध्ये बिहारच्या सीमेवरची माणसं नेपाळातून पेट्रोल आणायला लागल्याच्या बातम्या आल्या होत्या.

कमी-जास्तचा झोका

हा फरक कायम साडेसातच होता असंही नाही. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि निवडणुकीतला शब्द पाळत त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून चक्क ०.१ टक्क्यावर आणला. एप्रिलपासून गोव्यात पेट्रोल एका झटक्यात लिटरमागे ११ रुपयांनी उतरलं. सीमेवरच्या गावांत तेव्हाचे दिवस लोक अजून लग्नाच्या जेवणावळीसारखे आठवतात. पण त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, महसूल आटला आणि पुढच्या काही वर्षांत व्हॅट टप्प्याटप्प्यानं परत चढला.

इकडे महाराष्ट्रात एप्रिल २०१७ मध्ये उलटं झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली, राज्याचं उत्पन्न बुडालं आणि ती तूट भरायला पेट्रोलवर लिटरमागे ३ रुपयांचा अधिभार वाढवला गेला. म्हणजे कुणाचा तरी पेग बंद झाला आणि त्याचं बिल ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्या स्कूटरनं भरलं! इन्सुलीच्या माणसाला यातला विनोद जास्त कळतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क ५ रुपयांनी कमी केलं. गोव्यानं त्यावर स्वतःचे आणखी ७ रुपये सोडले, महाराष्ट्रानं तेव्हा काही सोडलं नाही. फरक बारा रुपयांच्या पुढे गेला. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं ५ रुपये उतरवले. तेव्हाचा १० रुपये १२ पैशांचा अधिभार ५.१२ झाला तो तेव्हा. आकड्याच्या मागचे ते विचित्र १२ पैसे अजून तसेच लटकलेत.

मग भरतो कोण?

सीमेवरचा माणूस पत्रादेवीत भरतो. आपण विकेंडला जातो, आपणही भरतो. ट्रकवाला भरतो. मालवणच्या मच्छीमारांसाठी बोटीच्या डिझेलवरचा व्हॅट परत देण्याची सरकारी योजना आहे. परतावा वेळेवर मिळत नाही ही त्यांची तक्रार वेगळी. मग पूर्ण दरानं राहिलं कोण?

कणकवलीचा रिक्षावाला, जिथून सीमा पन्नास-साठ किलोमीटर दूर आहे. स्कूटरवरून घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. माझी मामी, जी महिन्याला शंभर रुपयांचं पेट्रोल भरून बाजार आणि देऊळ करते. पाच रुपये बारा पैसे हे टक्क्यात नसून ठोक आहेत, त्यामुळे कच्चं तेल स्वस्त झालं तरी ते हलत नाहीत. ज्याला पळता येत नाही तो ते भरतो. ज्याला पळता येतं, त्याच्याकडे बहुतेक वेळा गाडीही मोठी असते.

‘जीएसटीत आणा, एक देश एक भाव’ हे सगळ्यांच्या तोंडी आहे. इथं घटनेतली एक भानगड मजेशीर आहे. पिण्याची दारू जीएसटीच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवली आहे. पेट्रोल मात्र बाहेर नाही, फक्त थांबवलं आहे : जीएसटी परिषद ज्या दिवशी शिफारस करेल त्या दिवसापासून लागू. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनऊच्या बैठकीत हा विषय निघाला आणि ‘आता ती वेळ नाही’ म्हणून परत फायलीत गेला. राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे कर उरलेत किती? दारू, इंधन, मुद्रांक, गाड्यांचा कर. त्यातलं इंधन दिल्लीला द्यायला कुठलंच अर्थखातं उत्साहानं हात वर करणार नाही, मग सरकार कुणाचंही असो.

म्हणून इन्सुलीच्या त्या नाक्यावर हे विचित्र दृश्य. जीएसटीबाहेरचे दोन द्रव. एक बाटलीत असेल तर गाडी जप्त. दुसरं टाकीत असेल तर ‘चला पुढे’. टाकीतलं पेट्रोल कायदेशीरच आहे, त्यात काही वावगं नाही. (कॅन भरून आणून दारात विकायचा विचार असेल तर तो सोडा. विनापरवाना विक्री हा १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली गुन्हा आहे, आणि घराला आग लागते ती वेगळी.)

सीमा न ओलांडता

रात्री जेवणं झाल्यावर भाऊ परत वही मागायला आला. तीनशेचा आकडा त्याच्या घशाखाली उतरला नव्हता. मग आम्ही उलटा हिशोब केला.

गोव्यात भरल्यानं खर्च सुमारे सात टक्के कमी होतो. तेवढंच वाचवायला बाईकचं ॲव्हरेज पन्नासवरून चोपन्नवर गेलं तरी पुरे. टायरची हवा दर आठवड्याला, चेनला वेळेवर तेल, आणि चौपदरी हायवेवर नव्वदऐवजी पंचावन्न-साठचा स्पीड. शेवटच्या मुद्द्यावर तो गप्प झाला.

दुसरा उपाय, दोघांनी एका बाईकवर जायचं. वाडीतलाच एक मित्र म्हापशातच कामाला, त्याच वेळेला. खर्च थेट अर्धा, महिन्याला दोन हजार. म्हणजे बॉर्डरच्या सहापट! ‘‘त्येची शिफ्ट बदलता,’’ हे त्याचं उत्तर. आठवड्यातून तीन दिवस जुळलं तरी हजार रुपये वाचतात, हे मी वहीत लिहून ठेवलं.

तिसरा उपाय, इलेक्ट्रिक स्कूटर. शंभर किलोमीटरला तीनेक युनिट. चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला सत्तर युनिट. वीजबिलाचा स्लॅब वर सरकतो म्हणून युनिटला पंधरा रुपये असा चढा भाव धरला, तरी हजार-अकराशे. पेट्रोलच्या चार हजारांसमोर महिन्याला तीन हजारांची बचत, घरबसल्या, कुठल्याही राज्याच्या पंपावर न थांबता.

इथं मात्र त्याच्याकडे खरी उत्तरं होती. ऐंशी किलोमीटर एका चार्जवर, तेही बांद्याकडून चढ चढून परत, स्वस्तातल्या गाडीला झेपेल का? चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर? आणि कोकणातला पाऊस. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे केले तेव्हा कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या. ‘‘तेव्हा पेट्रॉलची बाईक तरी चलत होती,’’ तो म्हणाला.

कंपनीत चार्जिंग पॉइंट मिळाला तर विचार करतो म्हणाला. आहेत का, ते सोमवारी विचारणार होता. म्हापशात चार्ज झालं तर वीज गोव्याची, आणि तिथले दर महाराष्ट्रापेक्षा कमी. हे ऐकल्यावर तो खुशीत हसला. मी वही मिटायच्या आत त्यानं विचारलं, ‘‘मगे लिटरमागे कितके पडले?’’